रविवारची सुट्टी आणि खानदेशचे जिन

दसरा-दिवाळीच्या सुमारास खानदेशात वेचणीचा कापूस घरी येऊ लागतो आणि जिनिंग कारखान्यांचा हंगाम उघडतो. या हंगामाचा आपल्याकडचा इतिहास बहुधा भावाचा, गाठींचा आणि व्यापाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जिनावर बसून सरकी वेगळी करणाऱ्या बायका त्यात क्वचितच दिसतात. कामगार कायद्याच्या आरंभीच्या कागदपत्रांत मात्र त्या दिसतात, आणि फार वाईट अवस्थेत दिसतात. त्याच कागदपत्रांत मुंबईच्या गिरणीतील एका स्टोअरकीपरचे नाव येते. पुढे सरकारी कारखाना आयोगाच्या कामात प्रत्यक्ष बसलेले नारायण मेघाजी लोखंडे ते हेच. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर कामगारांचा माणूस अधिकाराच्या जागी पोचल्याने काय साधते आणि काय साधत नाही, ते नीट कळते.

त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळे हे त्याचे मुख्य ठाणे. पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी १९०६ साली झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेने पुढे गेली. घरोघरच्या हातरेच्यांची जागा हळूहळू वाफेवर चालणाऱ्या जिनांनी घेतली. जिनात रुई आणि सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि गाठी रेल्वेने मुंबईला जायच्या. पावसाळ्यापूर्वी माल बंदरावर पोचला पाहिजे, ही सगळ्यांनाच घाई. त्या घाईचा भार शेवटी जिनावरच्या मजुरांवर पडत असे.

तो भार किती होता हे १८८५ मध्ये कागदावर आले. मुंबई सरकारने १८८४ मध्ये मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना आयोग नेमला होता. त्याच्यापुढे खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगच्या एका कारखानदाराची साक्ष झाली. मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात जिन रात्रंदिवस चालतात, संध्याकाळी अर्ध्या तासाची विश्रांती मिळते आणि तीच माणसे सुमारे ८ दिवस सलग राबतात, असे त्याने सांगितले. त्यापुढे त्याच माणसांकडून काम होणे शक्य नसते. मग मिळाली तर मुंबईहून दुसरी माणसे आणतात, ही माहितीही त्यानेच पुरवली. जिनावर काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. ही साक्ष पुढे कामगारांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उद्धृत झाली. तिच्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते, ती म्हणजे बोलणारा मालकवर्गातला होता. जिनावरच्या बाईचे हाल मालकाच्या तोंडून, उत्पादनाच्या अडचणी सांगता सांगता नोंदले गेले.

हे सर्व चालू असताना देशात कारखान्यांचा कायदा अस्तित्वात होता. १८८१ च्या पहिल्या कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांना त्याने हात लावला नाही. शिवाय ज्या ठिकाणी १०० पेक्षा कमी माणसे कामाला असतील, किंवा जे काम वर्षातून ४ महिन्यांपेक्षा कमी चालत असेल, ते या कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हते. हंगामी जिनांचे मालक त्यामुळे सुटले.

आता लोखंडे यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब माळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर ते मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. ते साच्यावर उभे राहून काम करणारे कामगार नव्हते. पण गिरणीत कोण किती वाजता येतो, कोणाचा पगार किती महिने अडकतो, जॉबर कोणाला कसा वागवतो, हे त्या जागेवरून त्यांना रोज दिसत असे. दुसरीकडे ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधू’ हे पत्र बंद पडल्यावर १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मराठीतून नियमित छापणारे पत्र त्यामुळे मुंबईला मिळाले.

मुलॉक आयोग नेमला गेला तेव्हा लोखंड्यांनी संधी ओळखली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला आणि २६ सप्टेंबरला भायखळ्याला कामगारांच्या सभा झाल्या. त्यांतून तयार झालेल्या निवेदनावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाच होत्या: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय. यांपैकी एकही मागणी वाढीव मजुरीची नाही. माणसाला दिवसाचा आणि आठवड्याचा शेवट असावा, एवढेच मुख्यतः मागितले आहे.

आज या मागण्या साध्या वाटतात. तेव्हा त्यांना केवळ मालकांचाच विरोध नव्हता. हिंदुस्थानी गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरला सलत होती आणि इकडे कारखाना कायदा व्हावा म्हणून तिथले गिरणीमालक दबाव आणत होते, हे खरेच होते. त्यामुळे बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांना हा कायदा देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव वाटला. लोखंडे मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. लँकेशायरचा स्वार्थ त्यात असला तरी १४ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय त्यामुळे कमी दुखत नाहीत, अशी ही भूमिका होती. ती घ्यायला धैर्य लागत होते.

याच काळातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८३ साली फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचा सुरुवातीचा भाग ‘दीनबंधू’त आला, पण पुढचा भाग छापणे लोखंड्यांनी थांबवले आणि फुले त्यांच्यावर नाराज झाले. सरकारकडून काही मिळवायचे तर सरकारला कुठवर दुखवायचे, हा हिशेब लोखंड्यांच्या मनात कायम असावा. पुढची त्यांची वाटचाल पाहिली तर या सावधपणातून त्यांना प्रवेश मिळाला आणि त्याच सावधपणाने त्यांना मर्यादाही घातल्या, असे म्हणावे लागते.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. दोन स्त्री-कामगारही तिथे बोलल्या. आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुन्हा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. मुंबईतील चौकशीसाठी सहयोगी सभासद म्हणून लोखंडे त्यात घेतले गेले. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आयोगाकडे निवेदन दिले होते, ते आता साक्षीदारांना प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसले. पुढे ते जस्टिस ऑफ द पीस झाले. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुसलमान दंगलीनंतर सलोख्यासाठी केलेल्या कामाबद्दल १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली.

या सर्व काळात त्यांच्यामागे संघटना किती होती? ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ हे नाव होते. पण तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे येईल त्या कामगाराला विनामोबदला सल्ला देणारे गृहस्थ आहेत, असे तेव्हाच्या सरकारी अहवालातच नमूद आहे. म्हणून ती देशातील पहिली कामगार संघटना मानावी की नाही, यावर अभ्यासक वाद घालतात. या लेखापुरता मुद्दा वेगळा आहे. मतदानाचा हक्क नाही, नोंदणीचा कायदा नाही, अशा वेळी लोखंड्यांना आयोगात जागा मिळाली ती हजारो सह्यांमुळे आणि मैदानात जमलेल्या माणसांमुळे. ही माणसे परळ-भायखळ्यात एकाच वस्तीत राहत, वर्षभर त्याच गिरण्यांत जात. त्यांना एकत्र बोलावता येत होते.

खानदेशच्या जिनावरच्या बाईला असे बोलावणे अवघड होते. तिचे काम काही महिन्यांचे. हंगाम संपला की ती शेतात किंवा गावात परत जायची, आणि पुढच्या वर्षी त्याच जिनात येईलच असे नाही. सही गोळा करायला कोणी आले असते तरी ती सापडली असती का?

१८९१ च्या कायद्यात याचा परिणाम दिसतो. आठवड्याची सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा ठरली, ९ वर्षांखालील मुलांना बंदी झाली. कारखान्याची व्याख्या १०० माणसांवरून ५० वर आली. लोखंड्यांच्या १८८४ च्या यादीतील पहिल्या दोन मागण्या सात वर्षांत देशाचा कायदा झाल्या. पण ४ महिन्यांची अट राहिली. ज्या साक्षीने वाचणारे हादरले होते, तिच्यातल्या हंगामी जिनांनाच नव्या कायद्यातूनही वाट मोकळी राहिली. १९०८ च्या कारखाना आयोगालाही जिनांत हंगामात १७-१८ तास चालणारे काम आढळले.

याचा दोष एकट्या लोखंड्यांना देणे अन्यायाचे होईल. सहयोगी सभासदाच्या हाती कायद्याचा मसुदा नव्हता आणि त्यांचा अधिकार मुंबईच्या चौकशीपुरता होता. तरीही एक धडा उरतो. प्रतिनिधी ज्यांच्या खांद्यावर उभा राहून वर जातो, त्यांचेच प्रश्न तो आधी मांडतो. जे मोजले गेलेले नसतात, त्यांची पाळी उशिरा येते. पुढे जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या गिरण्यांत कामगार संघटना झाल्या, साने गुरुजींसारखी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. तिथेही संघटनेचा पाया वर्षभर चालणारी गिरणीच होती. हंगामी मजूर, मग तो जिनातला असो, उसाच्या फडातला असो की वीटभट्टीवरचा, संघटनेच्या आणि कायद्याच्या नोंदीत कायम मागाहूनच आला आहे.

लोखंड्यांचा शेवट त्यांच्या कामाला साजेसाच झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. रुग्णांच्या शुश्रूषेत गुंतलेले असतानाच त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. महिनाभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या. २००५ साली टपाल खात्याने लोखंड्यांच्या नावे तिकीट काढले. रविवारच्या सुट्टीमागे त्यांची धडपड आहे, एवढे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते.

वर्षातून ४ महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. तोवर त्या आठ दिवसांच्या साक्षीला २६ वर्षे उलटली होती, आणि लोखंडे जाऊन १४.