डिंकाच्या चिठ्ठ्या ते गूगल

कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून असेल, पण गूगलची गोष्ट निघाली की मी ती थेट १८७३मध्ये नेऊन ठेवते. त्या वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्डने मागे डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या वकिलांना विकायला सुरुवात केली. निवाड्यांच्या पुस्तकात समासाला चिठ्ठी डकवायची. त्या निवाड्याचा हवाला पुढे कुठल्या खटल्यांत दिला गेला, ते तिच्यावर असे. नंतर चिठ्ठ्यांच्या सूची झाल्या. निवाडा पुढच्या कोर्टाने उचलून धरला की फिरवला, हेही त्यांत अक्षरखुणेने कळे.

यूजीन गारफील्डने ही युक्ती विज्ञानाला लावली. १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्याने कल्पना मांडली, पुढे १९६४च्या सुमारास सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे विज्ञान-निबंधांतल्या हवाल्यांची सूची, आला. आमच्या अभ्यासक्रमात हे नाव पाठच असायचं. मात्र शेपर्डची अक्षरखूण इथे गळाली. निबंधाचं कौतुक करायला नाव घेतलं काय आणि चूक काढायला घेतलं काय, मोजणीत दोन्ही सारखेच.

हा दोष पुढे इंटरनेटवरही आला, तो असा. सुरुवातीची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द बघत, त्यामुळे एकच शब्द शंभरदा लिहिणारा वर चढे. गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांच्या १९९८च्या निबंधात एक नोंद आहे: नोव्हेंबर १९९७मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक शोधयंत्रांपैकी एकालाच स्वतःचं नाव शोधल्यावर स्वतःचं पान पहिल्या दहांत दाखवता येई. स्टॅनफर्डच्या या दोघांनी मग हवाले मोजावेत तसे दुवे मोजले, आणि वजनदार पानाने दिलेल्या दुव्याला जास्त वजन दिलं. जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असंही त्याच निबंधात लिहून ठेवलंय. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत!

दुव्याला किंमत आली तसे दुवे विकले जाऊ लागले. पण मला जास्त बोलकं वाटतं ते ब्रुकलिनमधल्या एका चष्मेविक्रेत्याचं प्रकरण. गिऱ्हाइकांनी जितक्या तक्रारी कराव्यात तितकं आपलं दुकान वर दिसतं, अशी फुशारकी त्याने २०१०मध्ये न्यूयॉर्क टाइम्सपुढे मारली. तक्रारींच्या पानांवरच्या दुव्यांनी तो वर चढला, हे गूगलने फारसं मानलं नाही. तरी काही दिवसांतच क्रमवारीत बदल केला. पुढे धमक्या आणि फसवणुकीबद्दल विक्रेत्याला चार वर्षांची कैद झाली. शेपर्डची एक अक्षरखूण असती, तर त्याला अशी फुशारकी मारताच आली नसती.

भरवसा मोजायचा गंभीर प्रयत्न त्याआधीच, २००४मध्ये, स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी केला होता. त्याचं नाव ट्रस्टरँक. माणसांनी तपासून १७८ साइट्स विश्वासू ठरवल्या. त्या ज्यांना दुवा देतात त्यांना थोडा भरवसा, त्यापुढच्यांना आणखी थोडा, असा तो पाझरत जातो. गृहीत इतकंच, की चांगलं पान वाईटाला सहसा दुवा देत नाही. म्हणजे यंत्राने भरवसा ओळखला नाही, आम्ही ग्रंथपाल ग्रंथनिवड करतो तशी निवड आधी माणसांनीच केली. गूगलही आज हजारो परीक्षकांकडून निकाल तपासून घेतं. अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता अशा त्यांच्या कसोट्या आहेत. त्यांत विश्वासार्हता सगळ्यांत महत्त्वाची, असं त्यांच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय. परीक्षकांच्या गुणांनी एखाद्या पानाची जागा थेट बदलत नाही; क्रमवारीची पद्धत नीट चालते का, तेवढं त्यावरून ताडलं जातं.

ही मोजणी दुव्यांवर उभी आहे; मराठीत मात्र नेटवर माहिती उचलली जाते, मूळ पानाचा पत्ता बहुधा दिला जात नाही. नेटवर मराठी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: ज्याच्याकडून घेतलंत त्याला दुवा द्या, आणि चूक दाखवायला दिला असेल तर तसं स्पष्ट लिहा.