वास, रक्त आणि फुंकर

धुळ्याला दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबई-आग्रा, दुसरा सुरत-नागपूर. हा दुसरा पुढे पारोळा, एरंडोल करत आमच्या जळगावला येतो. रात्री या रस्त्यांवर पोलीस गाडी अडवतात, यंत्राची नळी पुढे करतात आणि म्हणतात, ‘फुंक मार!’ कायद्याला या फुंकरीपर्यंत यायला बराच काळ लागला.

त्याआधी होतं हवालदाराचं नाक. १९३९च्या मूळ मोटार वाहन कायद्यात दारूचा आकडाच नव्हता. गाडीवर ताबा राहणार नाही इतकी नशा हवी, एवढंच. मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि परवान्याशिवाय नुसतं पिणंही गुन्हा ठरलं. पूर्व आणि पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई राज्यात. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाची दारू काही नवी नव्हती. तोंडाला वास, झोकांड्या, अडखळती जीभ, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावर माणूस अडकायचा. वास तर वैद्याच्या आसवालाही येतो!

१९५९च्या नियमांनी रक्ततपासणीची रीत घालून दिली. किमान ५ सीसी रक्त घ्यायचं, बाटलीला सील लावायचं. आणि सुई टोचण्याआधी कातडी पुसायची ती निर्जंतुक पाण्यानं, स्पिरिटच्या बोळ्यानं नाही. हा नियम मला फार आवडतो. बोळ्यातलं अल्कोहोल आरोपीच्या नावावर मोजलं जाऊ नये, एवढी काळजी कुणीतरी कागदावर घेतली होती. पुढे १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वास, झोकांड्या आणि बाहुल्या यांवरून माणूस प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही.

फुंकरीचं यंत्र अमेरिकेतलं. इंडियाना राज्याच्या पोलीस दलात काम केलेल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी ते १९५४ मध्ये बनवलं. फुप्फुसात रक्तातल्या अल्कोहोलचा ठरावीक अंश हवेत उतरतो. २१०० मिलिलिटर श्वासात १ मिलिलिटर रक्ताइतकं अल्कोहोल, असा साधारण हिशेब. त्या यंत्रातलं पिवळं रसायन अल्कोहोलनं फिकं पडायचं. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत अल्कोहोलपासून किंचित वीज तयार होते, तिच्यावरून आकडा उमटतो.

आपल्याकडे १९८८च्या कायद्यात रक्तात ‘कितीही अल्प’ दारू सापडली तरी गुन्हा होता. १९९४च्या दुरुस्तीनं मर्यादा आखली, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. उर्दू शायरीत ‘पैमाना’ म्हणजे प्याला, आणि मापही. पण आमच्या साकीनं मिलिग्रॅम कधी मोजले नाहीत.

खरी कसोटी आहे ती कलम २०२ची. अटक झालेल्या चालकाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागतं. मुंबईत ठीक आहे. पळासनेरच्या सीमेवर मध्यरात्री ट्रक अडवला, तर चालकाला शिरपूरला आणायचं, दवाखान्यात डॉक्टर शोधायचे, आणि घड्याळ चालूच. रक्त वेळेत घेतलं तरी ते जपावं लागतं. वांद्र्याच्या २००२च्या अपघाताच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरच शंका घेतली. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतात.