मुखआरोग्य विमा (कसबा पेठ, पुणे)

मुखआरोग्य विमा : दात, हिरड्या, जीभ, गाल आणि जबडा यांच्या उपचारांचा खर्च सरकारी योजनेतून भागवण्याची व्यवस्था. कसबा पेठेतल्या बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने तिचा अर्थ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हाच आहे. योजना ज्यांच्या नावाची, त्यांचा वाडा इथून जवळच, गंज पेठेत आहे.

इतिहास : 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत पुणे नव्हते. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर लागू झाल्यावर पुणेकरांना लाभ मिळू लागला. 2017 मध्ये तिला फुले यांचे नाव मिळाले आणि 2020 मध्ये तिची केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घातली गेली. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेले, उपचारांची संख्या 1,356 झाली आणि पांढरे रेशनकार्डवालेही पात्र ठरले.

काय मिळते, काय नाही : जबड्याचे अस्थिभंग आणि तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया योजनेत आहेत. कीड भरणे आणि रूट कॅनॉल मात्र आयुष्मान भारतच्या वगळलेल्या बाबींत नाव घेऊन नोंदले आहेत. आजार किंवा इजेमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरच अपवाद. दातांचे बहुतेक काम खुर्चीवर, तासाभरात होते. खाट लागत नाही, म्हणून ते बाहेर राहते.

याचा परिणाम खालच्या दाढेवरून कळतो. कीड मुळापर्यंत गेली की ठणका लागतो. गोळी घेतली की तो दबतो. पुढे पू मुळातून हाडात आणि हाडातून जबड्याखाली उतरतो. गळा दगडासारखा घट्ट होतो, जीभ वर उचलली जाते, थुंकी गिळवत नाही आणि श्वास अडू लागतो. या टप्प्यावर रुग्ण दाखल होतो, आणि अपवादाचे दार तेव्हा कुठे उघडते. त्याच दाढेत वेळीच सिमेंट भरायला एक बैठक पुरली असती. संकलकाच्या मते या योजनेतली सर्वांत मोठी उणीव हीच.

तंबाखू : तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेल्या तंबाखूची मिश्री बोटाने हिरड्यांना चोळण्याची सवय महाराष्ट्रात, विशेषतः बायकांत, जुनी आहे. गुटख्यावर राज्यात जुलै 2012 पासून बंदी आहे. तिचा परिणाम किती झाला, याविषयी मतभेद आहेत. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे येतात आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनच मावू लागली की तपासणीला उशीर करू नये. या विकाराचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. कर्करोग झाल्यावर योजना खर्च उचलते. आधीच्या वर्षांतली तपासणी बाह्यरुग्ण विभागातली, म्हणून विम्याबाहेर.

कामगार विमा : कर्मचारी राज्य विम्यात दातांचे उपचार येतात. पण तो साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आणि महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे. तांबट आळीत घरच्या कामशाळेत मठारकाम (तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवण्याचे काम) करणारा कारागीर कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. कुंभारवाडा आणि बुरूड आळीतल्या स्वतंत्र कारागिरांनाही हेच लागू.

महापालिका : कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहरी गरीब योजना.

विम्याबाहेरची सोय : जवळचे महापालिकेचे मोठे रुग्णालय म्हणजे मंगळवार पेठेतले कमला नेहरू; शासकीय म्हणजे स्टेशनजवळचे ससून. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पुण्यात नाही. शहरातली दंत महाविद्यालये खासगी संस्थांची. तिथे विद्यार्थ्यांच्या हातून, शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वस्तात काम होते, पण एका दाढेसाठी अनेक खेपा पडतात आणि प्रत्येक खेपेला रोज बुडतो.

विस्तार : 2014-15 पासूनच्या राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रमाचा भर सरकारी दवाखान्यांत दंतसेवा उभारण्यावर आहे, विम्यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या अहवालात जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे विकार असल्याचे नोंदवले. कॅनडाने डिसेंबर 2023 पासून खासगी दंतविमा नसलेल्या मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी दंतयोजना सुरू केली. महाराष्ट्रात उपचारांची यादी शासन निर्णयाने बदलते. कीड भरणे, रूट कॅनॉल आणि तोंडाची वार्षिक तपासणी ही तीन कामे बाह्यरुग्ण म्हणून तिच्यात घ्यावीत, आणि सुरुवात अशा जुन्या, दाट वस्तीच्या पेठांतून करावी.