बोर्दोची रेड वाइन पहिल्या घोटाला तोंड कोरडं का पाडते?

'रेड वाइन' म्हटलं की नवख्या माणसाला द्राक्षाच्या रसाचा गोडवा आठवतो. पण फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनचा पहिला घोट घेतला की जीभ आखडते, हिरड्या कोरड्या पडतात. वाइन खराब निघाली, असंच अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

हे नेमकं कशामुळे होतं?

द्राक्षाच्या साली-बियांत टॅनिन असतं. रेड वाइनचा रस सालींसकट आंबवतात, म्हणून ते वाइनमध्ये उतरतं. तोंडात गेल्यावर ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं वाटतं. गोडवाही नसतो, कारण द्राक्षातल्या जवळपास सगळ्या साखरेचं यीस्टने अल्कोहोल केलेलं असतं.

या चवीला मराठीत नेमका शब्द आहे : तुरट. जांभूळ, सुपारी किंवा जास्त उकळलेला कोरा चहा आठवा. ओळखायची खूणही सोपी आहे. तोंडाला पाणी सुटलं तर ते आम्लामुळे, तोंड कोरडं पडलं तर टॅनिनमुळे.

मग 'ब्लेंड' कशासाठी?

बोर्दोची रेड वाइन सहसा द्राक्षांच्या दोन-तीन जाती मिसळून करतात. कॅबर्ने सॉव्हिन्यॉनचे मणी लहान, साल जाड; त्यामुळे ती जास्त तुरट. मर्लो तुलनेने मऊ आणि लवकर पिकणारी. अटलांटिकजवळच्या बेभरवशाच्या हवेत एका जातीला पावसाने गाठलं, तरी दुसरी हाताशी राहते.

लेबलवर जातीऐवजी बहुधा गावाचं किंवा भागाचं नाव असतं. मेदोक असेल तर साधारणपणे कॅबर्नेचा जोर, सेंट एमिलियन किंवा पोमेरोल असेल तर मर्लोचा. तुरटपणा नको असलेल्यांना दुसरा गट सोपा जातो.

वास कसले येतात?

काळी बेरी, देवदाराचं लाकूड, कधी चक्क ढोबळी मिरची. यातलं काहीही वाइनमध्ये घातलेलं नसतं. लाकडाचा वास ओकच्या पिंपांतून येतो. ढोबळी मिरचीच्या वासामागचा घटक तर कॅबर्नेच्या द्राक्षातच असतो. सुरुवातीला हे वास ओळखता आले नाहीत, तर त्यात काही चुकलं नाही. ती सवयीची गोष्ट आहे.

चव घेताना

– वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला अल्कोहोल नाकात झोंबतं. फार गार केली तर तुरटपणा वाढतो.
– ग्लास एक तृतीयांशच भरून हलकेच फिरवावा, म्हणजे वास मोकळा होतो.
– सोबत चीज किंवा मटण असेल तर तुरटपणा कमी जाणवतो.

व्यावसायिक परीक्षक चाखलेली वाइन थुंकून टाकतात; चव कळायला ती गिळावी लागत नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.