दोन मृत्युशय्या : आग्रा आणि अहमदनगर

मोगल इतिहास वाचताना आपले लक्ष तख्ताकडे असते. कोण जिंकला, कोण मारला गेला, एवढेच आपण पाहतो. पण त्या तख्तामागे एक घरही होते. त्या घरात बाप म्हातारा होत होता, मुले आपसात भांडत होती आणि उशाशी बसून सेवा करणारी एखादी मुलगी होती. हे घर आपल्या ओळखीचे आहे.

सप्टेंबर १६५७ मध्ये दिल्लीत शहाजहान आजारी पडला. लघवी अडल्यामुळे त्याला दरबारात येता येईना. दारा शिकोह बापाजवळ होता. बातम्या बाहेर जाऊ नयेत म्हणून त्याने बंदोबस्त केला आणि त्यातूनच बादशहा मेल्याची अफवा उठली. बंगालमध्ये शुजाने आणि गुजरातमध्ये मुरादने स्वतःला बादशहा जाहीर केले. औरंगजेब दख्खनमधून निघाला. विशेष म्हणजे शहाजहान यातून बरा झाला होता. पण बाप जिवंत आहे, त्याला काय हवे आहे, हे त्यालाच विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

जून १६५८ मध्ये औरंगजेबाने आग्ऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून यमुनेकडून येणारे पाणी तोडले. तीन दिवसांत किल्ला पडला. थोरली बहीण जहाँआरा मध्यस्थीला गेली. चारही भावांत मुलूख वाटून घ्यावा असा प्रस्ताव तिने मांडला, पण तो मान्य झाला नाही. त्यानंतर शहाजहान साडेसात वर्षे त्याच किल्ल्यात कैदेत राहिला. बापलेकांमध्ये पत्रे जात-येत. त्यांत तक्रारी असत, जवाहिरांच्या मागण्या असत. भेट मात्र एकदाही झाली नाही. या काळात दारा १६५९ मध्ये आणि मुराद १६६१ मध्ये मारले गेले. शुजा आराकानकडे पळाला तो परतलाच नाही.

जहाँआरा स्वखुशीने बापाबरोबर किल्ल्यात राहिली. तिने वारंवार विनवल्यावर शहाजहानने औरंगजेबाला माफी लिहून दिली, असे इतिहासकार नोंदवतात. जानेवारी १६६६ मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कलमा पढत तो गेला. बापाचा जनाजा बादशहाला साजेल अशा इतमामाने, सरदारांच्या खांद्यावरून निघावा आणि वाटेत खैरात वाटली जावी, अशी जहाँआराची इच्छा होती. तसे काही झाले नाही. ताबूत यमुनेतून नावेने ताजमहालला नेण्यात आला आणि मोजक्या माणसांच्या उपस्थितीत दफनविधी उरकला. औरंगजेब तेव्हा आग्ऱ्यात नव्हता. जिने साडेसात वर्षे सेवा केली, तिला बापाच्या मय्यतीचा निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. पुढे औरंगजेब आग्ऱ्याला आला तेव्हा त्याने बहिणीचा मान वाढवला, तिचा तनखाही वाढवला. पण जनाजा पुन्हा काढता येत नाही.

एकेचाळीस वर्षांनी हेच दृश्य आपल्या महाराष्ट्रात घडले. ३ मार्च १७०७ रोजी भिंगारजवळच्या छावणीत (अहमदनगरचे नाव आज अहिल्यानगर आहे) अठ्ठ्याऐंशी वर्षांचा औरंगजेब वारला. याही वेळी उशाशी मुलगीच होती. ती जीनतुन्निसा. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत असताना त्यांना माया लावणारी म्हणून मराठी वाचक तिला ओळखतो. मुलगे मात्र जवळ नव्हते. आपल्या डोळ्यांदेखत ते लढू नयेत म्हणून बापानेच शेवटच्या दिवसांत कामबक्षला विजापूरकडे आणि आझमला माळव्याकडे धाडले होते. आपण बापाशी कसे वागलो, हे तो विसरला नसावा.

त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वसियतनाम्यात टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत कफनाचा खर्च भागवावा आणि कुराणाच्या प्रती लिहून जमवलेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटावेत, असे सांगितले आहे. कबर साधी, छताशिवाय असावी ही त्याची इच्छा पाळली गेली. खुलताबादला शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आजही तशीच उघडी आहे. मुलखाची वाटणी करून शांततेने राहावे ही इच्छा मात्र कोणी पाळली नाही. जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत आझम मारला गेला आणि जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्षचा शेवट झाला. ज्या इच्छेला मुलांच्या पदरचे काही लागत नव्हते ती पाळली गेली. जिच्यासाठी हक्क सोडावा लागत होता ती उडवून लावली गेली.

जहाँआराचेही असेच झाले. १६८१ मध्ये ती वारली आणि तिच्या मनाप्रमाणे हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्यात, आभाळाखाली, गवताने झाकलेल्या कबरीत विसावली. आपली मालमत्ता दर्ग्याच्या खादिमांना द्यावी असे तिने सांगून ठेवले होते. औरंगजेबाने एक तृतीयांशच देऊ दिली असे सांगतात. शरियतच्या दृष्टीने तो चुकला नव्हता. हजरत सअद बिन अबी वक्कास आजारी असताना त्यांनी बरीचशी संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा पैगंबरांनी एक तृतीयांशाची मर्यादा घातली आणि वारसांना दुसऱ्यांपुढे हात पसरायला लावू नये असे समजावले. बापाच्या बाबतीत जो कायदा औरंगजेबाला आडवा आला नाही, तोच बहिणीच्या बाबतीत त्याला नेमका आठवला, एवढेच म्हणायचे.

आपल्या घरांत तख्त नाही, पण हा झगडा आहे. अब्बांना दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवायचे की घरी आणायचे, दफन गावच्या कब्रस्तानात की मुंबईत, अम्मीच्या बांगड्या कोणाच्या, यावर भाऊ एकमेकांची तोंडे पाहत नाहीत. निर्णय आखातातून फोनवर येतो आणि चादरी बदलणाऱ्या मुलीला वा सुनेला कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा झाला. जीव मुद्दाम संपवणे इस्लामला मान्य नाही. पण निष्फळ उपचार थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे, असे अनेक उलमा मानतात. आपल्या आलिमांशी बोलून, शुद्धीत असताना, सर्व मुलामुलींना समोर बसवून हे ठरवता येते.

कुराणाने वृद्ध आईवडिलांपुढे 'उफ्'सुद्धा म्हणू नये असे बजावले आहे. 'उफ्' न म्हणणे म्हणजे नुसते गप्प बसणे नव्हे. त्यांना काय हवे आहे ते त्यांच्या हयातीत विचारावे लागते, आणि ऐकल्यावर आपल्या पदरचे काही जात असले तरी ते पाळावे लागते. औरंगजेबाच्या मुलांनी कफनापुरते ऐकले. आपण त्याहून थोडे जास्त ऐकू शकतो.