प्रौढांचे इंग्रजी अध्यापन (जालना जिल्हा)

शाळेत इंग्रजी न शिकलेल्या किंवा ती अर्धवट सुटलेल्या मराठी भाषक प्रौढांना ती भाषा शिकविण्याची पद्धती. जालना परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती (पहा : उस्मानिया विद्यापीठ). महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० मध्ये. आधीच्या पिढीला ती सामान्यतः पाचवीपासून असे. जुने साधन म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. तिने वाचन-लेखन पक्के होते, बोलणे मात्र मागे पडते.

अडचणी बव्हंशी मातृभाषेतून येतात. मराठीत उपपदे नसल्याने ‘अ’, ‘द’ गळतात. प्रश्नात कर्ता-क्रियापद जागा बदलत नाहीत, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे वाक्य होते. काहींच्या बोलण्यात आरंभीच्या जोडाक्षराआधी ‘इ’ येऊन ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते. स्पॅनिश भाषक ‘एस्कूल’ म्हणतो, पण त्याच्या भाषेत उपपदे असल्याने तो अडथळा त्याला कमी जाणवतो (पहा : व्यतिरेकी भाषाविज्ञान).

जालना हे बियाणे व पोलाद उद्योगांचे केंद्र असल्याने यंत्रांवरील सूचना, वेष्टनांवरील मजकूर व अर्ज हे येथे उपयुक्त पाठ्यसाहित्य ठरते. निरक्षर प्रौढाला आधी देवनागरी शिकविणेच श्रेयस्कर (पहा : प्रौढ शिक्षण).