‘फ्लॅट’ या संज्ञेचा इतिहास : दुतर्फी रेडिओ रिपीटरमधील ध्वनी-प्रतिसाद

रिपीटर एका वारंवारतेवर संदेश ग्रहण करून त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुनःप्रक्षेपित करतो. या प्रवासात आवाज बदलू नये, या अपेक्षेला ‘फ्लॅट ऑडिओ’ हे नाव मिळाले. या एका शब्दाने जितका गोंधळ माजविला, तितका क्वचितच एखाद्या सदोष यंत्रभागाने माजविला असेल.

या गोंधळाचे मूळ इतिहासात आहे. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये एफएमची पेटंटे मिळाली. त्यांच्या पद्धतीत आवाजातील उंच स्वर आधी प्रमाणात उतरवून मग फेज मॉड्युलेशन केले जाई. त्यातून शुद्ध एफएम मिळे. १९४० च्या सुमारास डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकट राज्य पोलिसांसाठी दुतर्फी एफएम यंत्रणा उभारली आणि फिरत्या वाहनांत एफएम रुजू लागले. अशा स्फटिक-नियंत्रित संचांत फेज मॉड्युलेशन सोयीचे होते. मात्र उंच स्वर उतरविण्याचा टप्पा त्यात गळला. परिणामी वारंवारता दुप्पट झाली की विचलनही दुप्पट, म्हणजे दर सप्तकास ६ डेसिबल वाढ. ग्राहकात तेवढीच घट करावी लागे. पण एफएममधील खरखरही उंच स्वरांतच अधिक असल्याने ती आपोआप दबली. सोयीतून आलेला हा गुणधर्म ३०० ते ३००० हर्ट्झ या पट्ट्याचा नियमच झाला.

येथे ‘फ्लॅट’ला दोन अर्थ फुटले. डिस्क्रिमिनेटरमधून निघणारा, कोणतीही घट न केलेला ध्वनी एका तंत्रज्ञाला फ्लॅट. तो कानाला कर्कश लागतो. घट करून मूळ बोलण्यासारखा झालेला ध्वनी दुसऱ्याला फ्लॅट. पहिला ध्वनी मायक्रोफोनच्या जोडणीत दिला तर वाढ दोनदा होते आणि लिमिटर शब्दांची टोके छाटतो. दुसरा थेट मॉड्युलेटरला दिला तर आवाज घोगरा होतो. तीन रिपीटर साखळीत असतील तर प्रत्येकी ३ डेसिबलची चूक ९ वर जाते. अपघातस्थळाचे नाव सांगणाऱ्या शिपायाची ‘स’ आणि ‘फ’ ही व्यंजने मग ओळखू येत नाहीत.

याउलट, श्राव्य पट्ट्याखालील नियंत्रक स्वराला मोटोरोलाने ‘प्रायव्हेट लाइन’, जनरल इलेक्ट्रिकने ‘चॅनेल गार्ड’ आणि आरसीएने ‘क्वाएट चॅनेल’ म्हटले. वस्तू एक, नावे तीन. तरी त्यातून फारसे बिघडले नाही, कारण नाव ऐकताच वस्तू कळे. ‘फ्लॅट’ म्हणताना मात्र मोजणी कोठून कोठपर्यंत, हेच अध्याहृत राहते. येणाऱ्या विचलनाच्या तुलनेत जाणारे विचलन, की मायक्रोफोनच्या तुलनेत ध्वनिक्षेपक? हे लिहून ठेवलेले नसेल, तर जुन्या रिपीटरच्या दुरुस्तीस आलेल्या नव्या तंत्रज्ञास प्रत्येक जोडणी पुन्हा मोजावी लागते.